वेदनाशामक सुटताना होणारी धडधड

छातीत धडधडतंय म्हणून आलेल्या रुग्णाची तपासणी ठरलेल्या वाटेने जाते. नाडी, रक्तदाब, ईसीजी. मग रक्तातली साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड. शंका आली तर टूडी इको. सगळं ठीक निघालं की ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून रुग्णाला घरी पाठवलं जातं. या सगळ्यात एक साधा प्रश्न बऱ्याचदा विचारायचा राहून जातो. गेल्या आठ-पंधरा दिवसांत दुखण्याची एखादी गोळी तुम्ही बंद केलीत का, किंवा कमी केलीत का?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले रुग्ण अनेक वर्षं तपासताना मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटू लागला आहे. कारण उत्तर ‘हो’ आलं तर पुढचा सगळा विचारच बदलतो.

इथे दुखण्याची गोळी म्हणजे क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लाम नव्हे. त्या बंद केल्याने धडधड होत नाही. मी बोलतो आहे ते अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामकांबद्दल. त्यांना ओपिऑइड म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, फेंटॅनिल ही त्यातली जुनी-नवी नावं. पण आपल्याकडे घरातल्या डब्यात सापडणारं नाव बहुतेक वेळा ट्रॅमाडॉल असतं. कधी एकटं, कधी ३७.५ मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल अशा जोडगोळीत. अलीकडे टॅपेंटाडॉलही दिसतं. जोडगोळीचं नाव वेगळंच असल्यामुळे आपण अफूवर्गातलं औषध घेतो आहोत हे अनेकांना ठाऊकच नसतं.

‘सौम्य’ गोळीची गोष्ट

ट्रॅमाडॉल जर्मनीतल्या ग्रुनेन्थाल कंपनीने १९६२ मध्ये तयार केलं आणि १९७७ मध्ये बाजारात आणलं. मॉर्फिनच्या मानाने सौम्य, सवय न लागणारं अशी त्याची ख्याती झाली आणि ती दीर्घकाळ टिकली. भारत सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या कक्षेत आणलं. त्याआधी २०१४ पासून ते शेड्यूल एच-१ मध्ये होतंच. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही, रुग्णाचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवायची.

हे नियम आवश्यक होते. पण कायद्याने गोळी कुणाच्या हाती जावी एवढं ठरवलं. जी माणसं ती सहा महिने, वर्षभर, दोन वर्षं घेत होती त्यांनी ती कशी सोडायची, याची व्यवस्था कुणी लावली नाही. औषध दुकानदार एक दिवस ‘आता जुन्या चिठ्ठीवर मिळणार नाही’ म्हणतो. नियमाने त्याचं बरोबरच असतं. रुग्णाची गोळी मात्र त्या दिवशी अचानक बंद होते.

असे रुग्ण कोण असतात? अनेकांचं मिळून एक चित्र सांगतो. पन्नाशीचा शेतकरी, मणक्याच्या दुखण्याने बेजार. किंवा पुणे-बंगळूर महामार्गावर अपघात होऊन मांडीत रॉड बसलेला तरुण. किंवा दोन्ही गुडघे बदललेली आजी. ऑपरेशन होतं, दहा दिवसांच्या गोळ्या मिळतात. दुखणं थोडं उरलेलं असतं, गोळीने झोपही छान लागते. मुलगा तीच चिठ्ठी दाखवून आणखी एक पाकीट आणतो. मग गावचे डॉक्टर ‘चालू आहे ते चालू ठेवा’ म्हणतात. पाहता पाहता वर्ष होतं. दोनाच्या चार गोळ्या होतात, कारण दोनाने आता पूर्वीसारखा आराम पडत नाही.

इथे आपल्या भागाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्यावं लागेल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून मिरज हे उपचारासाठी दुरून येण्याचं ठिकाण आहे. जत, आटपाडी, खानापूर, माण, खटावच नव्हे, सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीकडूनही माणसं रेल्वेने, एसटीने येतात. सांगली, कऱ्हाड, सातारा इथेही मोठी रुग्णालयं आहेत. शस्त्रक्रिया चांगल्या होतात. पण शस्त्रक्रिया मिरजेत आणि पुढची दोन वर्षं जतच्या वाडीवर, अशी विभागणी झाली की गोळीला मालक उरत नाही. सुरू करणाऱ्याला ती अजून चालू आहे हे कळत नाही. चालू ठेवणाऱ्याला ती कशासाठी सुरू झाली ते माहीत नसतं.

कोयनेचे दरवाजे आणि आयर्विन पूल

गोळी सुटताना हृदय का धडधडतं, हे समजून घेणं अवघड नाही. मेंदूच्या देठात निळसर रंगाची पेशींची एक छोटी जागा आहे. तिचं लॅटिन नाव लोकस सेरुलिअस, अर्थ ‘निळी जागा’. तिथून नॉरॲड्रेनालिन हे रसायन मेंदूत पसरतं. जागं राहणं, सावध होणं, घाबरणं, नाडी वाढवणं ही कामं त्याची. ओपिऑइड औषध या पेशींना दाबून ठेवतं. म्हणून गोळी घेतली की शांत वाटतं. पण शरीर फार हट्टी असतं. रोजच दाब पडतो म्हटल्यावर या पेशी आतून जोर वाढवतात. काही आठवड्यांत दाब आणि जोर यांचा मेळ बसतो आणि सगळं सुरळीत आहे असं वाटतं.

आता गोळी एकदम काढून घ्या. दाब गेला, जोर मात्र तसाच राहिला. कोयनेचे दरवाजे एकाच वेळी पूर्ण उचलले तर सांगलीत आयर्विन पुलाखाली काय होईल, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. धरणातून पाणी सोडताना दरवाजे फुटाफुटाने का उचलतात आणि मधे वाट का पाहतात, हेही आपण ओळखून आहोत. शरीरातही असंच घडतं. निळ्या जागेतून नॉरॲड्रेनालिनचा लोंढा सुटतो आणि खालच्या अंगाला असतं आपलं हृदय. नाडी शंभराच्या पुढे जाते, रक्तदाब चढतो, तळहात घामेजतात, अंगावर काटा येतो, जांभया येतात, नाक-डोळे वाहतात, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, पाय एका जागी ठेवता येत नाहीत, झोप उडते.

ओपिऑइड सुटल्याची लक्षणं मोजण्यासाठी जगभर डॉक्टर अकरा मुद्द्यांची एक तालिका वापरतात. तिच्यातली पहिलीच नोंद नाडीची असते. विश्रांतीत नाडी ८० किंवा कमी असेल तर शून्य गुण, १२० च्या वर असेल तर चार. म्हणजे धडधड हे या अवस्थेचं नेहमीचं, अपेक्षित लक्षण आहे. तरी रुग्णाला ते आधी कुणी सांगितलेलं नसतं.

ट्रॅमाडॉलच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. ते अर्धं ओपिऑइड आणि अर्धं नैराश्यावरच्या औषधासारखं काम करतं. सिरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन यांचं पेशींत परत शोषलं जाणं ते रोखतं. त्यामुळे ते सुटताना दोन औषधं एकदम सुटल्यासारखं होतं. साधारण आठांपैकी एका रुग्णात नेहमीपेक्षा वेगळी लक्षणं दिसल्याची नोंद आहे: अचानक प्रचंड भीती, अंगातून वीज गेल्यासारखे झटके, बधिरपणा, गोंधळल्यासारखं होणं, कधी भास. अशी भीती आणि धडधड एकत्र आली की माणसाला वाटतं, हा हार्ट अटॅकच.

वेळेचं गणितही माहीत असावं. साध्या ट्रॅमाडॉलचा परिणाम काही तासांत ओसरतो. शेवटच्या गोळीनंतर साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि आठवडा-दोन आठवड्यांत उतरतो. झोप आणि मनाची अस्वस्थता रुळावर यायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो.

सापळा कुठे आहे

दुसऱ्या रात्री धडधड असह्य होते आणि रुग्ण डब्यातली उरलेली गोळी घेतो. तासाभरात नाडी उतरते, घाम थांबतो, झोप लागते. यावरून तो स्वतःपुरता निष्कर्ष काढतो: ‘ही गोळी माझ्या हृदयाला मानवते. ती सोडली तर माझं काही खरं नाही.’ घरचे दुसरा निष्कर्ष काढतात: ‘याला नशा लागली.’ हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत.

रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर वर्गातली गोळी वर्षभर घेणाऱ्याने ती एका दिवसात बंद केली तरी हृदय असंच उसळतं. स्टेरॉइड महिनोन्‌महिने घेऊन अचानक थांबवलं तर माणूस कोसळू शकतो. त्यांना आपण व्यसनी म्हणत नाही. शरीराला एखाद्या औषधाची सवय होणं ही एक गोष्ट, आणि नुकसान दिसत असूनही त्या औषधाच्या मागे धावत राहणं ही दुसरी. पहिली गोष्ट गोळी काही आठवडे रोज घेणाऱ्या कुणालाही होऊ शकते. दुसरी काहींनाच होते, आणि तोही आजारच आहे. घरातल्या माणसाला ‘गर्दुल्ला’ म्हणण्याआधी हा फरक समजून घेतला, तर तो माणूस गोळ्या लपवणार नाही. गोळ्या लपवणारा माणूस डॉक्टरलाही खरं सांगत नाही, आणि तिथूनच चुकीच्या तपासण्यांची रांग लागते.

आपल्या भागात सध्या या विषयावर बोलणं आणखी अवघड झालं आहे. २०२४ मध्ये कुपवाडला मेफेड्रोनचा साठा सापडला, २०२५ च्या सुरुवातीला विट्याजवळ ते बनवणारा कारखाना सापडला. पोलिसांनी कारवाई केली ते योग्यच झालं. पण त्या बातम्यांच्या धुरळ्यात मणक्याच्या दुखण्याचा रुग्णही स्वतःला आरोपी समजू लागतो. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे दोन टक्के लोक कुठल्या ना कुठल्या ओपिऑइडचा वापर करत होते आणि सुमारे एक टक्का लोक औषधी ओपिऑइडचा. त्या सर्वेक्षणाचा रोख नशेच्या वापरावर होता. रीतसर चिठ्ठी घेऊन वर्षभर गोळी घेणारा शेतकरी अशा मोजदादीच्या परिघावरच राहतो.

प्रत्येक धडधड गोळीचीच नसते

इथे एक सावधगिरीची सूचना द्यायलाच हवी. गोळी कमी करतो आहे म्हणून छातीतला प्रत्येक त्रास तिच्याच माथी मारणं धोक्याचं आहे. छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, चक्कर येऊन शुद्ध गेली असेल, दम लागत असेल, फिट आली असेल, नाडी अगदी अनियमित लागत असेल किंवा शांत बसूनही १२० च्या खाली येत नसेल, तर थांबू नका. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढा. घरात कुणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

एरवीही गोळी कमी करायला घेण्याआधी एक ईसीजी आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर यांची तपासणी करून घ्यावी. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊच्या घरात असतं. तेवढ्यानेही जिना चढताना धडधडतं. जुलाब जास्त झाले तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्याने हृदयाची लय खरोखर बिघडू शकते. म्हणून या दिवसांत मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घेत राहणं हा उपचारच आहे.

काही गोष्टी लोक स्वतःच्या मनाने करतात, त्यातून खरा धोका तयार होतो. जुलाब थांबवण्यासाठी दुकानातून लोपेरामाइड आणतात. ठरलेल्या प्रमाणात ते ठीक. पण ओपिऑइड सुटण्याचा त्रास दबावा म्हणून ते मूठमूठ घेतलं तर हृदयाच्या लयीचे जीवघेणे बिघाड होतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच याचा इशारा दिला आहे. दुसरी गोष्ट अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची. त्या ट्रॅमाडॉलबरोबर घेतल्या तर श्वास मंदावतो. वर दारू असेल तर माणूस झोपेतच जाऊ शकतो. तिसरी गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. महिनाभर गोळी बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तेव्हा ‘आज फारच दुखतंय’ म्हणून पूर्वीचाच मोठा डोस घेतला तर तो विषासारखा ठरू शकतो. उरलेली पाकिटं घरात ठेवू नयेत ती यासाठी.

आणि चहा, मिसरी, तंबाखू. गोळी कमी झाली की यांचं प्रमाण वाढतं, हे मी वारंवार पाहतो. कॅफीन आणि निकोटिन दोन्ही नाडी वाढवतात. निदान संध्याकाळनंतर यांना हात लावू नये.

हृदयाला घातक म्हणून एक ओपिऑइड औषध आपल्या देशाने बंदही केलं आहे. डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन हे त्याचं नाव. पोटदुखीच्या एका फार खपणाऱ्या कॅप्सूलमध्ये ते असायचं. अमेरिकेत २०१० मध्ये ते बाजारातून गेलं, भारतात २०१३ मध्ये त्यावर बंदी आली. तेव्हा या वर्गातल्या औषधांचा हृदयाशी संबंध नाही असंही समजू नये. व्यसनमुक्तीत वापरलं जाणारं मेथाडोनही काहींच्या ईसीजीत बदल घडवतं. म्हणून कोणतं औषध, किती, किती दिवस, हे डॉक्टरांना पाकीट दाखवूनच सांगावं.

फुटाफुटाने दरवाजा

मग गोळी सोडायची कशी? चार-पाच दिवस घेतलेल्यांना सहसा काही करावं लागत नाही. काही आठवडे किंवा महिने घेतली असेल तर मूळ डोसच्या साधारण दहा टक्के दर आठवड्याला, आणि वर्षाहून अधिक काळ घेतली असेल तर दहा टक्के दर महिन्याला किंवा त्याहूनही सावकाश, असं अमेरिकेच्या सीडीसीचं २०२२ चं मार्गदर्शन आहे. ही काटेकोर तालिका नव्हे, दिशा आहे. वेग रुग्णागणिक बदलतो.

आकड्यांपेक्षा त्यामागचं तत्त्व महत्त्वाचं. रोज चार गोळ्या घेणारा ‘फक्त एक’ कमी करतो तेव्हा तो पंचवीस टक्के कपात करत असतो. दोनावरून एकावर येतो तेव्हा पन्नास टक्के. आणि शेवटच्या एका गोळीवरून शून्यावर येतो तेव्हा शंभर टक्के. म्हणून शेवटची गोळी सर्वांत जड जाते. रुग्ण म्हणतात, ‘साहेब, तीन सुटल्या, एक सुटत नाही.’ त्यात त्यांच्या मनाचा दुबळेपणा नसतो, हिशेबच तसा असतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात पायऱ्या आणखी लहान कराव्या लागतात, त्यासाठी कमी ताकदीची गोळी लिहून द्यावी लागते. सावकाश विरघळणारी, म्हणजे एसआर लिहिलेली गोळी मात्र घरी तोडून किंवा कुटून घेऊ नये. तिच्यातलं सगळं औषध एकदम बाहेर पडतं.

एखाद्या पायरीवर धडधड वाढली तर त्याच पायरीवर आणखी आठ-पंधरा दिवस थांबायचं. वर चढायची घाई नको, खाली उतरायचीही नको. रोज सकाळी आणि झोपताना नाडी मोजून वहीत लिहायची. मनगटावर बोटं ठेवून एक मिनिट मोजणं शाळकरी नातूही शिकू शकतो. दहा दिवसांत नाडी खाली येताना दिसली की रुग्णाचा धीर कोणत्याही उपदेशाविना वाढतो. त्रास जास्तच असेल तर क्लोनिडीनसारखं जुनं रक्तदाबाचं औषध त्या निळ्या जागेलाच शांत करतं. पण त्याने रक्तदाब फार उतरू शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं. ज्यांना गोळीची ओढच आवरत नाही त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखे उपचार व्यसनमुक्ती केंद्रांत होतात. गरोदर स्त्रीने ही औषधं स्वतःहून कधीही अचानक थांबवू नयेत.

आणि मूळ दुखण्याचं काय? गोळी काढून घेतली आणि दुखणं तसंच ठेवलं तर रुग्ण परत गोळीकडेच जाणार. मणक्याचे व्यायाम, फिजिओथेरपी, नसांच्या दुखण्यावरची वेगळी औषधं, वजन, झोप, उसाच्या मोळ्या उचलण्याची पद्धत, हे सगळं गोळी उतरवण्याआधी सुरू व्हायला हवं.

चिठ्ठीवर एक ओळ

माझं म्हणणं थोडक्यात असं. ओपिऑइड गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरने ती कधी आणि कशी थांबवायची हे त्याच चिठ्ठीवर लिहावं. ‘दहा दिवस, त्यानंतर रोज एक याप्रमाणे पाच दिवस, मग बंद. बंद करताना दोन-तीन दिवस धडधड, घाम, जुलाब होऊ शकतात. घाबरू नका, पण छातीत दुखलं तर या.’ एवढंच, आणि मराठीत. डिस्चार्ज कार्डवरही हीच ओळ हवी, म्हणजे जतच्या डॉक्टरला मिरजेच्या डॉक्टरचा बेत कळेल.

सहकारी म्हणतील, ओपीडीत दीडशे रुग्ण असताना हे कसं शक्य आहे? प्रश्न रास्त आहे. सरकारी रुग्णालयातली गर्दी मी रोज पाहतो. पण या ओळीला अर्धं मिनिट लागतं, रबरी शिक्का केला तर तेवढंही नाही. उलट ती न लिहिल्यामुळे तोच रुग्ण सहा महिन्यांनी धडधड घेऊन येतो, त्याचा ईसीजी होतो, इको होतो, कुणी अँजिओग्राफीही सुचवतं. हिशेब मांडला तर अर्धं मिनिट स्वस्त आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असं लिहिलं तर लोक मॉर्फिनला घाबरतील आणि कॅन्सरचे रुग्ण तडफडत राहतील. ही भीती खोटी नाही. १९८५ च्या कायद्यानंतर आपल्या देशात मॉर्फिन इतकं दुर्मिळ झालं की असंख्य माणसं वेदनेत गेली. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मॉर्फिनसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरवावी लागली. म्हणून स्पष्ट सांगतो: कॅन्सरच्या वेदनेत, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, भाजल्यावर ही औषधं द्यायलाच हवीत आणि घ्यायलाच हवीत. औषध वाईट नाही. ते सुरू करून विसरून जाणं वाईट आहे.

अमेरिकेने दुसरं टोक पाहिलं आहे. आधी या गोळ्या वाटेल तशा लिहिल्या गेल्या, मग ओरड झाल्यावर अनेक रुग्णांच्या गोळ्या धडाधड तोडल्या गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये त्यांच्याच औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला की अचानक बंद केल्याने तीव्र त्रास, असह्य वेदना आणि आत्महत्याही होत आहेत. दरवाजे बंद ठेवणं आणि एकदम उघडणं, दोन्हींनी पूर येतो. आपल्याकडे वेळ अजून गेलेली नाही.

यासाठी सातारा आणि सांगली दोन्ही ठिकाणी सरकारी रुग्णालयात आठवड्यातून एक दुपार पुरेशी आहे. भूलतज्ज्ञ, फिजिशियन, मनोविकारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट एका ठिकाणी बसतील, दुखणंही पाहतील आणि गोळीही उतरवतील. इमारत नको, नवं यंत्र नको. आणि औषध दुकानदारांनी जुनी चिठ्ठी नाकारताना ‘मिळणार नाही’ एवढ्यावर न थांबता ‘एकदम बंद करू नका, आजच डॉक्टरांना भेटा’ हे वाक्य जोडावं. एच-१ च्या वहीत ज्याचं नाव सहा महिने दिसतं आहे, त्याला हे सांगणारा पहिला माणूस तोच असू शकतो.

तोवर वाचकांनी एक करावं. घरातला औषधांचा डबा उघडा. वर्षभरापूर्वीच्या ऑपरेशनच्या गोळ्या आई अजून घेते आहे का, पाहा. पाकिटावर ट्रॅमाडॉल किंवा टॅपेंटाडॉल हे नाव आहे का, वाचा. असेल तर रागावू नका, ती फेकूनही देऊ नका. पाकीट घेऊन आईसह डॉक्टरांकडे जा. मन फारच अस्वस्थ असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, ओढ आवरत नसेल तर व्यसनमुक्तीचा १४४४६ आहे. दोन्ही मोफत आहेत. आणि पुढच्या वेळी कुणी दुखण्याची गोळी लिहून दिली, तर चिठ्ठी हातात घेऊन उठण्याआधी विचारा: ‘डॉक्टर, ही थांबवायची कधी आणि कशी?’